मिलिटरी ट्रेलर आपल्या गाडीमागे: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर जिल्ह्यात ट्रॉली म्हणजे काय हे कोणाला शिकवायला नको. कारखान्यांचे बॉयलर पेटले की रस्ताभर उसाच्याच ट्रॉल्या दिसतात. पण बोलेरो, थार किंवा जुन्या जीपमागे लष्कराचा लिलावातला ट्रेलर जोडायचा म्हटलं की हे ट्रॉलीचं ज्ञान अर्धंच कामाला येतं. उरलेलं अर्धं आरटीओच्या खिडकीवर आणि लेथवाल्याच्या शेडमध्ये शिकावं लागतं. फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. माझं म्हणणं पहिल्यापासून एकच आहे: कागद आधी, गॅस कटर नंतर.

१. मिलिटरी ट्रेलर म्हणजे नेमका कुठला? सगळे सारखेच ना?

सारखे नसतात. ढोबळमानाने तीन जाती आहेत. पहिला जीपमागचा, दोन चाकांचा पाव टनी. याचा मूळपुरुष दुसऱ्या महायुद्धातला, अमेरिकी सैन्याने विलीज जीपसाठी बनवलेला. त्याची भारक्षमता ५०० पौंड, म्हणजे साधारण २२७ किलो, आणि रिकामं वजन अडीचशे किलोच्या आसपास. त्याची पत्र्याची पेटी पाण्यावर तरंगेल अशी बंदिस्त होती, म्हणून तळाला पाणी काढायचे ड्रेन प्लग असतात. जुना ट्रेलर बघायला गेलात तर आधी ते प्लग जागेवर आहेत का बघा. ते गंजून अडकलेले असतील तर पेटीत वर्षानुवर्षं पाणी साचलेलं असणार आणि तळ गेलेला असणार.

दुसरी जात ट्रकमागच्या पाऊण टनी, एक टनी आणि त्याहून मोठ्या ट्रेलरची. अमेरिकी एम-१०१ हा पाऊण टनीच, पण रिकामाच सहाशे किलोच्या घरात जातो. तिसरी जात खास कामाची: जनरेटरचा, पाण्याच्या टाकीचा, वर्कशॉपचा. घरच्या गाडीमागे शोभतो आणि झेपतो तो पहिला. दुसऱ्या-तिसऱ्या जातीचा ट्रेलर दिसायला रुबाबदार असला, तरी तो शक्तिमानसारख्या लष्करी ट्रकसाठी जन्मला आहे.

२. मिळतो कुठे? खडकीच्या डेपोत जाऊन विकत घेता येतो का?

गेटवर जाऊन पैसे मोजून मिळत नाही. लष्कराचा निकामी माल लिलावात निघतो आणि त्यातला बराचसा एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीच्या ई-लिलावातून जातो. आधी खरेदीदार म्हणून नोंदणी करायची, बयाणा भरायचा आणि पाहणीच्या तारखेला जाऊन माल डोळ्यांनी बघायचा. आपल्याला जवळचे म्हणजे पुण्याकडचे खडकी आणि देहू रोडचे डेपो. माल ‘जसा आहे, जिथे आहे’ या अटीवर विकतात, नंतर तक्रार चालत नाही.

अडचण अशी की ट्रेलर एकेकटा क्वचित निघतो. लॉटमध्ये चार ट्रेलर, दोन तुटके अ‍ॅक्सल आणि टायरांचा ढीग असा सगळा संसार एकत्र असतो. म्हणून मोठे व्यापारी लॉट उचलतात आणि आपल्यापर्यंत नग येतो तो त्यांच्या हातून. तिथेच कागदांची गडबड होते, त्याबद्दल प्रश्न ५ मध्ये.

३. लिलावात स्वस्त दिसतोय. एकूण हिशेबात परवडतो का?

निव्वळ पैशाच्या हिशेबात बहुधा नाही. बोली कमी असते, पण तिच्यावर जीएसटी, पुण्याहून आणायचं भाडं, टायर, बेअरिंग, कपलर (गाडीच्या हुकाला जोडायचं ट्रेलरचं तोंड), वायरिंग, रंग आणि पासिंगसाठीच्या फेऱ्या. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो. हौस असेल, जीप जुनी असेल आणि तिच्यामागे त्याच जमान्याचा ट्रेलर हवा असेल तर जरूर करा. नुसता चारा आणि ठिबकचे पाइप शेतावर न्यायचे असतील तर जुना पिकअप टेम्पो बघा. मी हे फोनवर सांगितलं की लोक नाराज होतात, पण सांगायला हवंच.

४. पासिंगला कोणते कागद लागतात?

आधी हे समजून घ्या की मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच ट्रेलर येतो. इंजिन नाही म्हणून नोंदणी नको, हा गैरसमज आहे. लष्कराची वाहनं कलम ६० खाली वेगळी नोंदवली जातात. ती सरकारच्या मालकीतून बाहेर पडली की आपल्यासारख्यांना लागू असलेली नोंदणीची कलमं त्यांनाही लागू होतात.

आता कागद. नोंदणीचा अर्ज नमुना २० मध्ये करायचा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ४७ नुसार लष्करातून निघालेल्या वाहनासाठी संबंधित लष्करी अधिकाऱ्याने दिलेलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं, तेही नमुना २१ मध्ये. सगळा खेळ या एका कागदावर आहे. त्यावर चासी नंबर असतो आणि तोच नंबर ट्रेलरच्या पुढच्या ओढायच्या दांड्यावर किंवा प्लेटवर कोरलेला दिसायला हवा. प्लेट रंगाखाली गाडली गेली असेल तर सॅंडपेपरने हळूच मोकळी करा. ग्राइंडर लावलात तर नंबरच उडेल आणि मग इन्स्पेक्टरला दाखवायला काही उरणार नाही.

दुसरी अडचण डिझाइनची. त्याच नियमात ट्रेलरसाठी डिझाइन मंजुरीची प्रत मागितली आहे. नवीन ट्रेलर बनवणारे कारखाने हे काम मान्यताप्राप्त चाचणी संस्थांकडून करून घेतात. आपल्या बाजूला पुण्याची एआरएआय आणि सीआयआरटी, नगरची व्हीआरडीई. एकट्या माणसाला एका ट्रेलरसाठी हा खर्च झेपत नाही. म्हणून ट्रेलर घेण्याआधीच, नुसता फोटो आणि नमुना २१ ची झेरॉक्स घेऊन, आरटीओत जाऊन विचारा: हा असा आहे, मूळ स्वरूपात ठेवला तर नोंद होईल का? शहर आणि आसपासच्यांसाठी एमएच-१३ चं सोलापूर कार्यालय, माळशिरस-अकलूजकडच्यांसाठी एमएच-४५ चं अकलूज. मिळालेलं उत्तर अर्जावर लेखी घ्या. तोंडी ‘होईल की’ वर पैसे टाकू नका.

५. भंगारवाल्याकडे दिसलाय. तो म्हणतो, कागद नंतर बघू. घेऊ का?

नको. लष्कराने तो भंगार म्हणून, वजनावर विकलेला असेल तर त्याला वाहन म्हणून विक्री प्रमाणपत्र मिळालेलंच नसतं, आणि ते मागाहून तयारही होत नाही. व्यापाऱ्याच्या नावावर लॉटची पावती असते, त्या पावतीवर तुमच्या ट्रेलरचा चासी नंबर नसतो. नोटरीच्या शंभराच्या कागदाने यातलं काहीही भरून निघत नाही.

त्याच्याकडे नमुना २१ ची मूळ प्रत असेल, नंबर जुळत असेल आणि तो पुढच्या विक्रीची रीतसर पावती देत असेल, तरच बोला. नाहीतर पार्टसाठी घ्या: अ‍ॅक्सल, हब, कडी या वस्तू कधीच वाया जात नाहीत.

६. डेपोपासून सोलापूरपर्यंत टोचन करून आणला तर?

नोंदणी नसलेला ट्रेलर गाडीमागे लावून अडीचशे किलोमीटर हायवेवर आणणं म्हणजे दंडाला आवतण आहे. विनानोंदणी वाहन चालवल्यास पहिल्या वेळी दोन ते पाच हजार रुपये दंड आहे. कलम ४३ खाली तात्पुरती नोंदणी मिळते, पण वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या ट्रेलरची बेअरिंग आणि टायर त्या प्रवासाला लायक नसतात. सरळ ट्रक किंवा टेम्पोत टाकून आणा. पाव टनी ट्रेलर पिकअपमध्ये मावतो, दांडा फाळक्याबाहेर राहतो तेवढाच. त्याला लाल फडकं बांधा.

७. माझी गाडी नऊ माणसं ओढते, मग ट्रेलर का नाही ओढणार?

ओढेल. थांबवेल का, हा खरा प्रश्न आहे. माणसं गाडीच्या चार चाकांवर बसतात आणि त्या चारही चाकांना ब्रेक असतात. ट्रेलरच्या वजनाला स्वतःचा ब्रेक नसेल तर ते सगळं वजन ब्रेक दाबल्यावर मागून ढकलत येतं.

गाडीच्या मालक-पुस्तिकेत ‘टोइंग’ किंवा ‘ट्रेलर’ असा भाग शोधा. तिथे ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरसाठी वेगवेगळे आकडे दिलेले असतील तर तीच तुमची मर्यादा. आपल्याकडच्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत हा आकडा नसतो किंवा ‘ट्रेलर ओढू नये’ असंच लिहिलेलं असतं. तसं असेल तर वॉरंटी आणि विमा दोन्ही अडचणीत येतात हे धरून चाला.

अंदाजासाठी एक गोष्ट लक्षात ठेवा: युरोपात ब्रेक नसलेल्या ट्रेलरला एकूण ७५० किलोची कमाल मर्यादा आहे आणि गाडी हलकी असेल तर ती आणखी खाली येते. पाव टनी ट्रेलर भरून पावणेपाचशे किलोच्या आसपास जातो, म्हणून तो या चौकटीत बसतो. पाऊण टनी आणि त्याहून मोठे ट्रेलर भरले की या मर्यादेबाहेर जातात.

कागदावरच्या वजनावर विश्वास ठेवू नका. रंगाचे थर, नंतर कोणी वेल्ड केलेले अँगल, जाड पत्रा, सगळं मिळून वजन वाढतं. कारखान्याच्या किंवा मार्केट यार्डाच्या काट्यावर ट्रेलर एकटा चढवा आणि पावती फाइलला लावा. पासिंगलाही ती उपयोगी पडते.

८. ट्रेलरचं तोंड किती जड असायला हवं?

कपलरवर एकूण वजनाच्या सात ते दहा टक्के भार यायला हवा. भरलेला ट्रेलर ४५० किलोचा असेल तर तीस ते पंचेचाळीस किलो. मोजायला घरातला वजनकाटा पुरतो: सपाट जागी ट्रेलर उभा करा, चाकांना दगड लावा, काट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून त्याची उंची गाडीच्या हुकाएवढी करा आणि दांडा त्यावर टेकवा. कमी भरलं तर माल पुढे सरकवा. तोंड हलकं राहिलं की वेगात ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. तोंड फार जड झालं तर गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात.

९. पुढची गोल कडी ठेवावी की कापून बॉल कपलर लावावा?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. लष्करी ट्रेलरला पुढे जाड घडीव कडी असते आणि ट्रकमागच्या जबड्यासारख्या हुकात ती अडकते. खाचखळग्यांत ही जोडी अतिशय मोकळी फिरते, ट्रेलर जवळजवळ आडवा झाला तरी गाडी आडवी होत नाही. तोटा असा की कडी आणि हुकात मोकळीक असते. डांबरी रस्त्यावर ब्रेक दाबताना आणि सोडताना खडाक्-खडाक् आवाज आणि धक्के येतात, आणि दर धक्क्याला गाडीच्या चासीवर ताण येतो.

शेतवाट आणि माळरानावरच वापर असेल तर कडी ठेवा, गाडीला तसाच हुक बसवा. हायवेवर जायचं असेल तर बॉल कपलर बरा. पण कडी कापू नका. बहुतेक ट्रेलरवर ती बोल्टवर किंवा मोठ्या नटावर बसलेली असते. ती काढून ठेवा आणि त्याच भोकांवर प्लेट घेऊन कपलर बोल्टने बसवा. बोल्ट ८.८ ग्रेडचे, नायलॉन लॉकनटसह. मूळ वस्तू शाबूत राहिली तर प्रश्न १८ मधली कटकट कमी होते.

दोन बारकावे. पहिला: बाजारात ५० मिलिमीटरचा बॉल मिळतो आणि दोन इंचीही मिळतो. दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. डोळ्याला फरक दिसत नाही, पण दोन इंची कपलर ५० च्या बॉलवर सैल बसतो आणि ५० चा कपलर दोन इंची बॉलवर नीट लॉक होत नाही. जोडी एकाच मापाची घ्या आणि व्हर्नियर लावून खात्री करा. दुसरा: उंची. मोठ्या लष्करी ट्रेलरचा दांडा ट्रकच्या उंचीला असतो. ट्रेलर जोडल्यावर पेटी जमिनीला समांतर उभी राहायला हवी. तोंड वर राहिलं तर प्रश्न ८ चा सगळा हिशेब बिघडतो.

आणि साखळ्या. कपलरखाली दोन, एकमेकींवर फुली मारून. कपलर निसटला तर दांडा त्या फुलीवर विसावतो, रस्त्यात रुतत नाही.

१०. गाडीला हुक कुठे बसवायचा? बंपरला चालेल का?

बंपर पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा, तो शोभेचा आहे. हुकाची आडवी पट्टी दोन्ही बाजूंना चासीच्या चॅनलवर गेली पाहिजे. बोलेरो, थार, जुनी जीप यांना शिडीसारखी चासी आहे, म्हणून हे सोपं जातं. भोक चॅनलच्या उभ्या भिंतीत पाडा. वरच्या-खालच्या पट्टीत नको, ताण तिथेच सर्वात जास्त असतो. त्याच कारणाने त्या पट्ट्यांवर आडवं वेल्डिंगही करू नका. चासी नसलेल्या, मोनोकॉक बॉडीच्या गाडीला गल्लीतल्या वेल्डरकडून हुक लावून घेऊ नका.

११. चाकाचे नट सुटतच नाहीत. पाइप लावून जोर दिला तरी नाही. काय करू?

थांबा! आधी स्टडच्या टोकावर ‘एल’ कोरलंय का बघा. विलीज घराण्याच्या जुन्या अ‍ॅक्सलवर डाव्या बाजूच्या चाकाला उलट आटे असतात. तिथे नट नेहमीसारखा सोडवायला जाल तर तुम्ही तो आवळत असता. दोन माणसं पाइपवर लटकली की स्टड तुटतो, आणि तसला स्टड सोलापुरात शोधायचा तर लेथवाल्याकडूनच बनवून घ्यावा लागतो. ‘एल’ दिसला की घड्याळाच्या दिशेने सोडवा. जमलं तर दोन्ही बाजूंना सरळ आट्याचे स्टड घालून घ्या, पुढे पंक्चरवाल्याशी वाद नको.

याहून गंभीर गोष्ट डिस्कची. काही लष्करी डिस्क दोन तुकड्यांच्या असतात, बोल्टने एकमेकांना जोडलेल्या. चाकावर नटांची दोन वर्तुळं दिसतात: आतलं हबचं, बाहेरचं डिस्कचे दोन तुकडे जोडणारं. हवा असताना बाहेरचे नट सोडले तर डिस्क फुटल्यासारखी उडते आणि माणूस मरू शकतो. आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा, मगच हात लावा. तरुण पंक्चरवाल्याने हा प्रकार पाहिलेला नसतो. चाक त्याच्याकडे टाकून चहाला जाऊ नका.

टायर नक्षीवर नको, तारखेवर तपासा. बाजूच्या चार आकडी शिक्क्यात पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १९१२ म्हणजे २०१२ चा एकोणिसावा आठवडा. आपल्या उन्हात उभा राहिलेला टायर नक्षी नवी असूनही बाजूने तडकलेला असतो.

पाव टनी ट्रेलरच्या चाकाचं माप पाच स्टड आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास १३९.७ मिलिमीटर असेल तर नशीब काढलंत: महिंद्राच्या जुन्या जीपला आणि बोलेरोला तेच आहे. एकच स्टेपनी दोघांना चालते. तरीही मधलं भोक आणि डिस्कचा ऑफसेट बसवून बघा.

१२. रिकामा ट्रेलर बेडकासारखा उड्या मारतो. पाटे कमी करू का?

पाटे, म्हणजे अ‍ॅक्सलवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, पूर्ण भारासाठी दिलेले असतात, म्हणून रिकामा उडतो. आधी टायरची हवा बघा. बऱ्याच जणांनी ट्रकएवढी भरलेली असते, ती उतरवली तरी निम्मं काम होतं. मग पाटे उकलून गंज घासा, ग्रीस लावा, बुश आणि शॅकल बदला. जाम झालेले पाटे मुळात वाकतच नाहीत. इतकं करूनही उडत असेल तर एखादा मधला पाटा काढता येतो. मुख्य पाटा आणि त्याला धरणारा दुसरा काढू नका. पाटा काढलात की भारक्षमताही तेवढी कमी झाली. ‘मूळ क्षमता पाव टन’ हे वाक्य मग विसरा.

१३. ट्रेलरला हवेचे ब्रेक आहेत. माझ्या गाडीत हवा नाही. नुसती पाइपलाइन बंद करून टाकू?

मोठ्या ट्रेलरवर ट्रकच्या हवेवर चालणारे ब्रेक असतात आणि त्यांची नळी बंद केली की ट्रेलर बिनब्रेकचा होतो. काही रचनांत हवा नसली की ब्रेक उलट जाम होतात. दोन्ही वाईट. घरच्या गाडीसाठी व्यवहार्य पर्याय एकच, ओव्हररन ब्रेक: गाडी थांबताना ट्रेलर पुढे ढकलतो, त्या ढकलण्याने कपलरमधला दांडा आत जातो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. पण ही जोडणी ड्रमच्या मापाशी जुळवावी लागते. ज्याने हे काम आधी केलेलं नाही अशा मिस्त्रीचा पहिला प्रयोग तुमच्या ट्रेलरवर नको. पाव टनीवर बहुधा फक्त हँडब्रेक असतो. तो दुरुस्त करून घ्या, उतारावर उभा करताना त्याचाच आधार असतो.

१४. लाइट २४ व्होल्टचे आहेत. बल्ब बदलले की झालं ना?

बल्ब बदलून दिवा पेटेल, पण जुनी वायर कापडाच्या वेष्टनाची आणि कुजलेली असते. सगळी काढून नवी घाला. एलईडी दिवे घेताना ९ ते ३२ व्होल्टचे घ्या.

गाडी आणि ट्रेलरमध्ये सात पिनचा प्लग वापरा. त्याची ठरलेली मांडणी अशी: एक डावा इंडिकेटर, पिवळी वायर, दोन मागचा फॉग, निळी, तीन अर्थ, पांढरी, चार उजवा इंडिकेटर, हिरवी, पाच उजवा टेल, तपकिरी, सहा ब्रेक, लाल, सात डावा टेल, काळी. ही मांडणी पाळलीत तर उद्या दुसऱ्याच्या गाडीलाही ट्रेलर लागेल. अर्थ कपलरच्या लोखंडातून घेऊ नका, ग्रीस आणि गंज आला की दिवे लुकलुकतात. पांढरी वायर थेट प्लगपर्यंत न्या.

नव्या गाड्यांत टेल-लाइटची वायर सोलून जोड दिला की कॉम्प्युटर गोंधळतो आणि इंडिकेटर भराभर मारायला लागतो. बॅटरीवरून वेगळा पुरवठा घेऊन रिले लावा, गाडीच्या वायरने फक्त रिलेला इशारा द्यायचा. आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवेतच. गळीत हंगामात रात्री अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर कोणीतरी न बघता धडकतो, हे आपल्याकडे दरवर्षी वाचायला मिळतं.

१५. मिलिटरीचा हिरवा रंग तसाच ठेवला तर भारी दिसेल. चालतो का?

चालत नाही. नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना. पासिंगआधीच बदला. खाकी-करडा किंवा वाळूच्या रंगाचा पर्याय घेतात लोक. युनिटची चिन्हं आणि वर बाण असलेला नंबरही पुसून टाका. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. पाणी मारून घासा, मास्क लावा, पोरांना लांब ठेवा.

१६. नंबर प्लेट कोणाची? गाडीची की ट्रेलरची?

दोन्ही. कलम ६१ प्रमाणे ट्रेलरला स्वतःचा नंबर मिळतो, तो ओढणाऱ्या गाडीच्या बाजूला दिसायला हवा. आणि गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे दिसायला हवा, कारण ट्रेलर जोडला की गाडीची मागची प्लेट झाकली जाते. त्या प्लेटवर दिवाही हवा.

१७. विमा आणि लायसन्सचं काय?

ट्रेलर मोटार वाहन असल्याने थर्ड पार्टी विमा त्यालाही लागतो. खाजगी कारच्या पॉलिसीत ट्रेलर जोडण्याची वेगळी तरतूद असते. एजंटला ‘ट्रेलर एंडॉर्समेंट’ म्हणून विचारा आणि पॉलिसीच्या कागदावर ट्रेलरचा नंबर छापून आल्याशिवाय रस्त्यावर निघू नका. एजंट म्हणाला ‘गाडीच्या विम्यात येतंय की’, तर ते त्याला ईमेलवर लिहून द्यायला सांगा. बहुतेकदा तिथेच बोलणं थांबतं. लायसन्स एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं, हवंच. ट्रेलरची नोंद ट्रान्सपोर्टमध्ये झाली तर प्रश्न २२ बघा.

१८. पेटी कापून वर तंबू, मागे बुलेट चढवायला रॅम्प, असं करायचंय. किती मुभा आहे?

कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणून माझा सल्ला: लांबी, रुंदी, अ‍ॅक्सल आणि दांडा यांना हात लावू नका. तंबू असो की रॅम्प, बोल्टवर बसवा आणि गरजेपुरता लावून काढून ठेवा. सुटं ठेवलेलं सामान हा माल असतो, वेल्ड केलं की बदल होतो. बुलेट चढवताना तिचं वजन २०० किलोच्या आसपास आहे हे विसरू नका: पाव टनीचा कोटा तिथेच संपतो.

१९. उन्हाळ्यात शेतावर पाणी न्यायला हजार लिटरची टाकी बसवू का?

एक लिटर म्हणजे एक किलो. हजार लिटर म्हणजे एक टन, तोही डुचमळणारा. पाव टनी ट्रेलरवर दोनशे लिटरचा एक बॅरल, बस्स. तोही एकतर पूर्ण भरलेला किंवा पूर्ण रिकामा. अर्धा भरलेला बॅरल वळणावर सगळं वजन एका बाजूला फेकतो. लष्करी पाण्याच्या टाकीचा ट्रेलर घेतलात तर त्यात आधी काय भरलं होतं हे कळल्याशिवाय ते पाणी पिऊ नका, जनावरांनाही देऊ नका.

२०. चालवताना काय सांभाळायचं?

नव्याने बांधलेल्या ट्रेलरची पहिली फेरी पुणे रस्त्याने काढा आणि लांबोटीला थांबा. चिवडा घेण्याआधी दोन्ही हबवर हाताची पाठ टेकवा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल तर बेअरिंग जास्त आवळलंय किंवा ग्रीस नाही. एकच हब गरम असेल तर त्या बाजूचा ब्रेक चिकटलेला असू शकतो. नट पुन्हा आवळा, साखळ्या बघा.

मी साठच्या वर नेत नाही. ट्रेलर डुलायला लागला तर ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ धरा आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडा. तुळजापूरच्या घाटात उतरताना खालच्या गिअरमध्येच सुरुवात करा.

रिव्हर्ससाठी हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा: हात ज्या बाजूला न्याल, ट्रेलरचं बूड त्या बाजूला जातं. पाव टनीचा दांडा आखूड, म्हणून तो ट्रॉलीपेक्षा पटकन घडी घालतो. होटगी रोडच्या गर्दीत शिकू नका, मोकळं मैदान गाठा. आणि माणसं बसवू नका, वारीला नाही, लग्नाला नाही, शेतमजुरांनाही नाही.

२१. मग उसाची छोटी ट्रॉलीच जीपमागे लावली तर? ती तर पासिंगची आहे.

तिचं पासिंग शेतीच्या ट्रॅक्टरमागे ओढायची ट्रॉली म्हणून आहे. तिचा दांडा, उंची, ब्रेक सगळं ट्रॅक्टरच्या वेगासाठी. जीपमागे लावलीत तर नोंद एका कामाची आणि वापर दुसरा, आणि अपघात झाला की विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते.

२२. आरटीओ म्हणतंय ट्रान्सपोर्टमध्ये नोंदवू. मी तर घरच्या कामाला वापरणार. मानायचं का?

कायद्यात फक्त माल वाहण्यासाठी बनवलेलं वाहन हे मालवाहू वाहन आणि मालवाहू म्हणजे ट्रान्सपोर्ट. त्यामुळे त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. तसं झालं तर फिटनेस प्रमाणपत्र लागेल: आठ वर्षांपर्यंतच्या वाहनाला दोन वर्षांनी, त्याहून जुन्याला दरवर्षी. मात्र एकूण वजन तीन हजार किलोपर्यंत असलेल्या मालवाहू वाहनाला कलम ६६ मध्ये परमिटची सूट आहे. पाव टनी त्यात आरामात बसतो. भांडत बसण्यापेक्षा नोंद होतेय हे महत्त्वाचं माना.

२३. मी ट्रेलर रस्त्यावर आणणारच नाही. माझ्याच रानात, माझ्याच बांधावर फिरवणार. तरी पासिंग लागतं का?

इथे बरेच जण फसतात. विम्याचं कलम १४६ ‘सार्वजनिक ठिकाणी’ असं म्हणतं. नोंदणीचं कलम ३९ मात्र ‘सार्वजनिक ठिकाणी किंवा इतर कोणत्याही ठिकाणी’ असं म्हणतं. म्हणजे रान तुमचं असलं तरी गाडीमागे जोडून चालवायचा तर नोंदणी हवी. मोहोळ-मंगळवेढ्याच्या आतल्या रानात कोणी तपासायला येत नाही हे खरं, पण शेतरस्ता ओलांडताना शेजाऱ्याचं पोरगं दांड्याखाली आलं तर तपासणी होते. नुसता उभा करून औजारं ठेवायला वापरणार असाल, कुठेच ओढणार नसाल, तर प्रश्न येत नाही. तसं असेल तर चारी बाजूंनी लाकडी ठोकळ्यांवर उचला, चाकं काढून सावलीत ठेवा आणि तळाचे ड्रेन प्लग उघडे सोडा.